काढलं साबणातून, विकलं बाटलीतून

निवृत्त हिशेबनीसाला दोनच उद्योग उरतात. एक, दुसऱ्यांच्या पावत्या तपासणं आणि दोन, डब्याबाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचणं. पहिल्यावर मुलीनं बंदी आणली. ‘बाबा, मी जे घेते ते माझ्या पगारातून घेते,’ एवढ्या एका वाक्यात तिनं माझी आख्खी कारकीर्द निकालात काढली. मग मी दुसरा धरला आणि सुरुवात न्हाणीघरापासून केली, कारण तिथे मधे बोलायला कुणी येत नाही.

फळीवर पहिली बसली होती टूथपेस्ट. तिच्यात ग्लिसरीन. शेजारी माझं दाढीचं क्रीम, त्यातही. हात धुवायची पंपाची बाटली, तिच्यातही. बायकोच्या लोशनमध्ये तर पाण्याच्या खालोखाल तेच. मुलीची ड्रॉपरवाली बाटली ३० मिलीची. तिची किंमत मी इथे देत नाही, कारण हा लेख आई वाचणार आहे. या बाटलीच्या दर्शनी बाजूला एका भारदस्त आम्लाचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे. मागच्या यादीत मात्र पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन, आणि ते भारदस्त आम्ल सापडायला मला भिंग आणावं लागलं. या यादीचा नियम असा की जे जास्त ते आधी. ताळेबंदालाही हाच नियम असता तर कित्येक संचालक मंडळांची पंचाईत झाली असती.

तपास न्हाणीघरात थांबला नाही. खोकल्याच्या औषधात ग्लिसरीन निघालं. वाढदिवसाच्या केकवरचं पांढरंशुभ्र आयसिंग दगड होऊ नये म्हणून त्यातही ते घालतात, असं मुलीच्या मैत्रिणीनं सांगितलं. शिक्क्याच्या पॅडची शाई महिनोन्‌महिने ओली राहते, त्यातही याचा हात असतो. म्हणजे नोकरीभर मी ज्याच्या जोरावर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ उठवत आलो, तेच आता माझ्या दातांना लागत होतं.

आणि या सगळ्यांचा मूळपुरुष आईच्या कपाटात, पंचांग आणि अमृतांजनच्या मधे उभा होता. शंभर ग्रॅमची, पांढऱ्या झाकणाची, मेडिकलमध्ये मिळते ती साधी बाटली. तिच्या बुडाखालचा वर्तमानपत्राचा कागद कपाटाला कायमचा चिकटलेला. त्यावर मागच्या बाटल्यांची वर्तुळं एकात एक उमटलेली. झाकण उघडायला फडकं लागतं.

आमचं घर नागपूरचं. दिवाळी सरली, उटणं संपलं आणि मोती साबणाची उरलेली चकती पातळ झाली, की इथली हवा कोरडी पडायला लागते. डिसेंबरात ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि हसायचं झालं तर बेतानं हसावं लागतं. त्यावर आईचा उपाय ठरलेला: ग्लिसरीन आणि गुलाबपाणी समसमान, त्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून, बाटली खळखळून हलवायची आणि झोपताना लावायची. लिंबू भेगांत असं झोंबतं की झोपेचा प्रश्नच मिटतो. ‘लिंबू वगळलं तर?’ असं एकदा विचारलं, तर आई म्हणाली, ‘मंग झोंबणार काय बापा? झोंबलं नाही तं समजणार कसं, की लागू पडून राहिलं?’

मेडिकलवाल्याशी तिचं एक जुनं भांडण आहे. बाटलीवर ‘१०० ग्रॅम’ लिहिलेलं असतं आणि आई घरी आणून औषधाच्या मापानं मोजते. भरतं ऐंशीला काठोकाठ. तिनं ती बाटली दुकानात परत नेऊन काउंटरवर ठेवली होती. शेवटी मी मधे पडलो. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वापटीहून थोडं जडच, त्यामुळे वजनाला शंभर म्हणजे मापाला ऐंशीच्या आतबाहेर, हे समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि मेडिकलवाल्याकडे बघत म्हणाली, ‘म्हणजे जड करून विकते म्हण ना.’

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. बायकोचं माहेर चिपळूणचं. तिथे सासूबाईंच्या राज्यात ग्लिसरीनला थारा नाही, तिथे कोकमतेल. तेल म्हणायचं, पण असतो तो फिकट पिवळसर घट्ट गोळा. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद हातानं दाबून वळलेला. रात्री त्याचा तुकडा पळीत घ्यायचा, पळी ज्योतीवर धरायची आणि वितळलं की सोसेल तेवढं गरम असतानाच भेगेत भरायचं. भेग बुजते. चादर तेलकट होते, पण चादरीला कोकणात कोण विचारतो.

लग्नानंतर या दोन घराण्यांत देवघेव सुरू झाली. चिपळूणहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत कोकमतेलाचे गोळे आणि इथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ग्लिसरीनची बाटली. दोन्हीकडे भेट मानानं ठेवून घेतली जाई आणि कुणीही वापरत नसे. मग एका मे महिन्यात आई चिपळूणला गेली. नेमानं रात्री हातापायाला ग्लिसरीन लावून झोपली आणि सकाळी उठली ती चादरीसकट. तिकडच्या हवेत आधीच इतका ओलावा की ग्लिसरीन सुकेचना. उलट पुढच्या जानेवारीत सासूबाई नागपूरला आल्या. आईनं आग्रह करून त्यांच्या ओठांना निव्वळ ग्लिसरीन लावलं, गुलाबपाण्याचा थेंबही न घालता, कारण पाहुण्यांना पातळ करून कसं द्यायचं? दोन दिवसांत विहीणबाईंचे ओठ होते त्याहून फुटले. ‘तुमचं ते चिकट्ट तुमच्याकडेच ठेवा हो,’ असं त्या बोलून गेल्या. तेव्हापासून दोघींकडेही भक्कम पुरावा आहे.

खरं म्हणजे दोन्ही पुरावे एकाच पदार्थाच्या एकाच स्वभावाचे आहेत. ग्लिसरीनच्या रेणूला तीन हात असतात आणि तिन्ही पाण्याकडे पसरलेले. स्वतःजवळ पाणी नसतंच, ते कुठून तरी ओढून आणायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच त्याला येतं. आमच्या नात्यात असे एक काका होते. गावात त्यांची पत होती तोवर बाहेरून उसने पैसे आणत आणि घर थाटात चालवत. घरातले म्हणत, काका म्हणजे लक्ष्मी. पुढे गावानं उधारी बंद केली. काकांनी सवय सोडली नाही, ते काकूच्या तांदळाच्या डब्यातले पैसे काढू लागले. माणूस तोच, हात तोच, फक्त बाहेरचा व्यवहार आटला. दमट हवेत ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून कातडीला देतं. नागपूरच्या कोरड्या हवेत, तेही पाणी न मिसळता लावलं, तर बाहेर काही मिळत नाही म्हणून कातडीच्या आतल्या थरांतलं पाणी वर ओढतं, आणि ते तिथून उडून जातं. आई गुलाबपाणी घालते ते वासासाठी, असा तिचा समज आहे. प्रत्यक्षात काकांच्या हाती घराबाहेर पडतानाच चार पैसे ठेवावेत, तसं ते आहे.

गंमत अशी की ग्लिसरीन कातडीला परकं नाही. तिच्यात थोडं मुळातलंच असतं आणि तिचा मऊपणा काही अंशी त्यावरच चालतो.

मुलीनं एकदा दोन्ही आज्यांना एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी दोघींचंही शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की अंघोळ झाल्यावर ओल्या अंगालाच ग्लिसरीन लावा आणि त्यावर तेलाचा हात फिरवा. ग्लिसरीन पाणी धरतं, तेल त्यावर झाकण घालतं, म्हणजे धरलेलं उडत नाही. कोकमतेल तर झाकायला उत्तमच. लिंबू तेवढं बंद करा. निकाल असा दोघींच्या बाजूनं लागला, आणि म्हणूनच तो कुणालाही मान्य झाला नाही. बाहेर आल्यावर रिक्षात आई म्हणाली, ‘लहान आहे डॉक्टर.’ सासूबाई म्हणाल्या, ‘हो ना.’ दोघींचं एकमत झालेलं मी ऐकलं ते तेवढंच.

या कहाणीत तिसरी बाई माझी मेहुणी. ती चिपळुणात बचत गटाच्या बायकांबरोबर साबण करते. मी तिकडे गेलो की मला तराजूपाशी बसवतात, कारण ‘भावोजी, तुमचा हात हिशेबाचा.’ हा तराजू सोनाराच्या पेढीवर असतो तसा, ग्रॅमच्याही आत बोलणारा. किलोभर खोबरेलाला साधारण पावणेदोनशे ग्रॅम कॉस्टिक सोडा. याहून जास्त पडला तर साबण अंगाला चावतो, कमी पडला तर तेल सुटं राहतं. थोडं सुटं राहावं म्हणून ती मुद्दाम चिमूटभर कमीच घेते. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दुसरा, त्या वेळी लेकरांना अंगणात काढायचं. कॉस्टिक पडलं की गार पाण्याचं भांडं बघता बघता हाताला धरवेनासं होतं आणि नाकात जाणारी वाफ वर येते. मेहुणी डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे आणि तोंडाला पदर गुंडाळून उभी असते. मागून सासूबाई विचारतात, ‘यात नैसर्गिक ते काय गं?’

निवलेलं पाणी तेलात ओतून ती ब्लेंडर लावते. तेल आधी गढूळ होतं, मग दुधाळ. मग अशी एक घटका येते की ब्लेंडर उचलला तर पडलेल्या धारेची रेघ वरच्या वर उमटून राहते, बुडत नाही. तेव्हा सगळ्या बायका एकदम गप्प होतात आणि साचे पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि मग चार ते सहा आठवडे फळीवर वाऱ्याला ठेवायच्या. या सबंध कारभारात ग्लिसरीन कुणीही विकत आणत नाही आणि तरी ते वडीत असतं. तेलाच्या प्रत्येक रेणूत तीन मेदाम्लं एका ग्लिसरीनला लटकलेली असतात. कॉस्टिक त्यांची ताटातूट करतं, मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं सुटतं. किलोभर खोबरेलातून ते सव्वाशे ग्रॅमच्या वर निघतं, हे मी तिथल्या तिथे कागदावर मांडून दाखवलं. म्हणजे आईची एक अख्खी बाटली, वर पाव बाटली घलुवा. मेहुणीनं तो कागद दुकानात लावला.

इथून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मोठ्या कारखान्यात हे ग्लिसरीन वडीत राहू देत नाहीत. जुनी रीत अशी की उकळत्या साबणात मीठ घालायचं. मीठ पडलं की साबण वर तरंगतो आणि ग्लिसरीन खारट पाण्याबरोबर तळाशी राहतं. हल्ली बरेच जण आधीच दाबाखालच्या वाफेनं तेल फोडतात आणि ग्लिसरीन पहिल्याच पायरीला वेगळं करतात. कसंही काढलं तरी ते आटवून, शुद्ध करून स्वतंत्र विकलं जातं. मग साबणानं अंग कोरडं पडतं. मग आपण लोशन आणतो, ज्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर ग्लिसरीन असतं. एकाच मालाची एकाच गिऱ्हाइकाला दोनदा विक्री आमच्या खात्यात सापडली असती तर खुलासा मागवला असता. इथे मात्र गिऱ्हाईकच दोन्ही पिशव्या हौसेनं घरी नेतं. काही साबणांत ते पुन्हा घालतातही आणि तसं वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापतात. लंडनच्या अँड्र्यू पेअर्सनं तर १८०७ पासून पारदर्शक साबण विकून दाखवला. आरपार दिसतं त्यापेक्षा शुद्ध काय असणार, हा युक्तिवाद आजही चालतो.

साध्या साबणाच्या वेष्टनावर आपल्याकडे टीएफएमचा आकडा असतो, म्हणजे एकूण मेदद्रव्य. ७६ टक्के आणि वर असेल तर पहिली प्रत, ७० दुसरी, ६० तिसरी. ग्लिसरीन काढलं का ठेवलं, याचा तिथे रकानाच नाही.

बरं, हा माल पूर्वी कुणाला हवाही नव्हता. जर्मनीत जन्मलेला आणि स्वीडनमध्ये औषधाचं दुकान चालवणारा कार्ल शीले, यानं १७७९ च्या सुमारास ऑलिव्हचं तेल आणि शिशाचं भस्म, म्हणजे आपल्या वैद्यांचं मुर्दाडशिंग, एकत्र तापवलं आणि उरलेलं पाणी चाखलं. गोड लागलं. शिशात शिजलेलं काही चाखू नये, हे त्याला सांगणारं घरात कुणी नव्हतं. तो प्रत्येक गोष्ट चाखत असे, विषारी प्रूसिक आम्लाच्या चवीचीही त्यानं नोंद करून ठेवली आहे. १७८६ साली वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल शेव्रोल जन्मला. तेल म्हणजे मेदाम्लं अधिक ग्लिसरीन, हा जमाखर्च त्यानं नीट लावून दिला आणि या गोड पाण्याचं आजचं नावही १८११ मध्ये त्याचंच. तो जगला १०२ वर्षं, आयफेल टॉवर उभा राहिलेला पाहून गेला. चाखणारा ४३, मोजणारा १०२. हिशेबनिसांनी ही नोंद कापून ठेवावी.

चाखणाऱ्यांचं कूळ मात्र तिथे संपलं नाही. १८४७ मध्ये तुरिनच्या आस्कानियो सोब्रेरोनं ग्लिसरीनमध्ये तीव्र आम्लं मिसळून नायट्रोग्लिसरीन केलं आणि कणभर जिभेवर ठेवलं. डोकं असं ठणकलं की त्यानं जगाला इशारा दिला, याच्या वाटेला जाऊ नका. जग लगेच गेलं. नोबेलनं तेच एका भुसभुशीत मातीत जिरवून १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. म्हातारपणी नोबेलचं हृदय दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नायट्रोग्लिसरीन. औषधाला नाव वेगळं दिलं होतं, रोग्यानं आणि दुकानदारानं घाबरू नये म्हणून. ही गंमत नोबेलनं स्वतःच आपल्या सहकाऱ्याला पत्रातून कळवली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं तर गृहिणींना तळणाचं उरलेलं तूप-तेल डब्यात जमवून खाटकाच्या दुकानी जमा करायला सांगितलं, पौंडाला चार सेंट. त्यातून ग्लिसरीन, ग्लिसरीनमधून दारूगोळा. त्यासाठी १९४२ मध्ये डिस्नेनं एक चित्रफीतही काढली. तिच्यात मिनी माऊस कढईतली चरबी प्लूटोच्या पुढ्यात ओतणार एवढ्यात रेडिओ तिला देशकार्य समजावतो. प्लूटोची समजूत पटायला जरा वेळ लागतो. आमच्याकडे हे जमलं नसतं. अनारशांचं उरलेलं तळण आईनं सरकारला दिलं असतं, पण आधी त्यात दोनदा पुऱ्या तळून.

चिपळूणच्या साबणाला एकच आजार आहे, तो पावसाळ्यात उमळतो. मेहुणी पोरींच्या हौसेखातर तयार पारदर्शक बेस वितळवूनही वड्या करते. गुलाबी, आत झेंडूची पाकळी वगैरे. त्या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर. आषाढ लागला की या वड्यांना घाम फुटतो. सकाळी बघावं तर प्रत्येकीवर थेंब डवरलेले. दुकानात आलेल्या एका पर्यटक बाईंनी ‘हे वापरलेले आहेत का?’ असं विचारलं. मेहुणीनं सांगितलं, हवेतलं पाणी ग्लिसरीन ओढून घेतं, त्याचे हे थेंब आहेत. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे केमिकल आहे.’ आता ती वडी साच्यातून निघाली रे निघाली की प्लास्टिकच्या पातळ कागदात आवळून टाकते. जुन्या छापखान्यांनाही हा जाच होता. शाईचे रूळ सरस आणि ग्लिसरीनचे ओतलेले असत, पावसात ते पिलपिलीत होत. एखाद्या मासिकाचा आषाढाचा अंक उशिरा निघाला तर संपादकाला दोष देण्यापूर्वी एवढं लक्षात घ्यायला हवं होतं.

चित्रपटवाल्यांचं आणि ग्लिसरीनचं नातं सर्वांना ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. नायिकेचे अश्रू त्याचे आणि फळांच्या जाहिरातीतले टपोरे दवबिंदूही त्याचेच, कारण साधं पाणी दिव्यांच्या उष्णतेत टिकत नाही. त्यापेक्षा आमच्या मोहल्ल्यात गणपतीत झालेला कार्यक्रम सांगतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले होते. त्यांतला एक भगवी कफनी घालून बुवा झालेला. पुढ्यात होमकुंड, त्यात समिधा. काडेपेटी नाही, लायटर नाही, हे त्यानं चारचौघांना झडती देऊन दाखवलं. मग डोळे मिटून पुटपुटला आणि पळीनं ‘तूप’ सोडलं. काही घडेना. मागची पोरं हसायला लागली. तेवढ्यात समिधांतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि भप्पकन जांभळट जाळ उठला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले, आईनंही. मग त्यानं कफनी काढली आणि समिधांखालचे पोटॅशियम परमँगनेटचे खडे दाखवले. पळीत तूप नव्हतंच, ग्लिसरीन होतं. दोघांची गाठ पडली की जरा वेळानं आपोआप पेट घेतं. असल्या जाळावर भोळ्यांना नागवणाऱ्या बुवांसाठीच २०१३ मध्ये राज्यानं कायदा केला, हेही त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. आई मात्र संतापली होती. मला वाटलं, फसवले गेल्याचा राग असेल. घरी येईपर्यंत ती एकच सांगत होती, ‘पळीभर होतं रे! पळीभर ग्लिसरीन जाळलं मेल्यानं!’

विकत घेताना मी एक गोष्ट मात्र कटाक्षानं बघतो. बाटलीवर ‘आयपी’ ही अक्षरं हवीत, म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या कसाला उतरलेलं. याला कारण आहे, आणि तिथे माझी थट्टा थांबते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेलं ग्लिसरीन डायएथिलीन ग्लायकॉलनं दूषित निघालं आणि १४ रुग्ण दगावले. ते विषही दिसायला तसंच, दाट आणि गोड, फक्त स्वस्त. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं पुढे खरेदीपासून परवान्यांपर्यंत सगळी साखळी उघडी पाडली. त्यानंतरही देशोदेशीच्या खोकल्याच्या औषधांत हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. बारीक अक्षरं वाचतो म्हणून घरचे हसतात, हसू देत.

परवा आईला घेऊन मेडिकलमध्ये गेलो. जुन्या मालकाचा मुलगा आता गल्ल्यावर असतो, त्याला आमचं ऐंशी-शंभरचं प्रकरण ठाऊक असावं, कारण आईला बघून तो उभा राहिला.

‘ग्लिसरीन दे रे बापू,’ आई म्हणाली.

‘आजी, साधं देऊ का व्हेज?’

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिची हयात चतुर्थी, एकादशी आणि श्रावण सांभाळण्यात गेली. आजवर आपण काय लावत होतो, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर अख्खा उमटला. ग्लिसरीन चरबीतूनही निघतं आणि खोबरेल, पाम, सोयाबीनमधूनही, हे मला माहीत होतं. शुद्ध केल्यावर रेणू एकच, तो आपलं गोत्र सांगत नाही, हेही माहीत होतं. पण ते तिथे बोलून आणखी एक एकादशी अंगावर घेण्याची माझी तयारी नव्हती. मी पोराला विचारलं, ‘ते साधं कशाचं आहे?’

त्यानं साध्या बाटलीचं लेबल वाचलं. मग दुसरीचं वाचलं. मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, ‘काका, खरं सांगू का? तेलाचंच दिसून राहिलं दोन्ही. आयपी पण दोन्हीवर हाय. ही बाटली पंचवीस रुपयांनी महाग, कारण हिच्यावर पान हाय.’

खरंच होतं, हिरवंगार, दवबिंदूसकट.

‘पानवाली दे,’ आई म्हणाली. ‘अन् मोजून दे.’